विमानात बसलेली बाई

आमच्या बस्तीत दर्शन घेऊन बाहेर पडताना डाव्या हाताला मधुबिंदूचं मोठं चित्र लावलेलं होतं. तुमच्यापैकी बहुतेकींनी ते कुठल्या ना कुठल्या मंदिरात पाहिलं असेल. विहिरीवर वाकलेलं झाड, फांदीला लोंबकळणारा माणूस, खाली फणा काढलेले साप आणि आ वासलेला अजगर, फांदी कुरतडणारे एक काळा नि एक पांढरा असे दोन उंदीर, झाडाला धडका देणारा हत्ती. माणसाच्या अंगाभोवती माशा घोंगावताहेत आणि त्याचं सगळं लक्ष पोळ्यातून जिभेवर ठिबकणाऱ्या थेंबाकडे. वरच्या कोपऱ्यात विमान. विमानातला विद्याधर हात पुढे करून म्हणतोय, चल, वर ये. हा म्हणतोय, थांबा हो, एवढा एक थेंब घेतो नि येतो.

चित्र कुणी काढलं ते खाली लिहिलेलं नव्हतं. हत्ती म्हशीसारखा दिसायचा. तरीपण एवढ्या वर्षांत कुणी त्याला चुकीचं म्हटलं नाही, कारण ते चित्र बघायला लावलेलं नव्हतं, समजायला लावलेलं होतं. मला लहानपणी त्यातलं विमान तेवढं आवडायचं. आणि एक प्रश्न पडायचा, तो मी कुणाला विचारला नाही: लोंबकळणारा दर वेळी पुरुषच कसा? बाई असती तर तिनं काय केलं असतं?

पुढे चाळीस वर्षांनी मला ते विमान पुन्हा भेटलं, आणि त्यात बाई बसलेली होती. भाचीनं अमेरिकेहून येताना एक जाड पुस्तक आणलं, विल्यम फॅगली यांचं, 2004 साली निघालेलं. न्यू ऑर्लिन्समधल्या सिस्टर गर्ट्रूड मॉर्गन या काळ्या बाईच्या चित्रांचं ते पुस्तक. त्यात एक विमान आहे, साधं, पोरं वहीत काढतात तसं. आत येशू आहे आणि शेजारी पांढऱ्या कपड्यांत ती स्वतः. चित्राचं नाव 'येशू माझं विमान आहे' अशा अर्थाचं. तिनं थेंबाची वाट बघितली नाही. सरळ जाऊन बसली.

मी चित्रकलेची शिकलेली नाही. पण पुस्तक महिनाभर उशाशी ठेवलं, आणि जे वाटलं ते लिहिते आहे.

गर्ट्रूडचा जन्म 1900 सालचा, अलाबामा राज्यातला. शाळा फारशी झाली नाही. पुढे जॉर्जियात कोलंबस नावाच्या गावी लोकांच्या घरी धुणीभांडी, मुलं सांभाळणं अशी कामं केली. 1928 साली मॉर्गन नावाच्या माणसाशी लग्न झालं. 1934 च्या अखेरीला, स्वयंपाकघरात बसलेली असताना, तिला देवाचा आवाज ऐकू आला की मी तुला निवडलं आहे. त्यानंतर ती रस्त्यावर उभी राहून उपदेश करू लागली, आणि 1939 साली न्यू ऑर्लिन्सला आली. तिथं आणखी दोन बायकांबरोबर तिनं अनाथ नि कामावर जाणाऱ्या आयांची मुलं सांभाळली. काळा झगा, डफ, रस्त्यावरचं गाणं, असा तिचा दिवस जायचा. 1956-57 च्या सुमारास तिला दुसरा साक्षात्कार झाला की आपण ख्रिस्ताची वधू आहोत. त्या दिवसापासून तिनं काळे कपडे सोडले नि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे घातले. लोअर नाइन्थ वॉर्ड या गरीब वस्तीतल्या घरात तिची प्रार्थनेची खोली होती. तीही पांढरी, आतल्या सामानासकट. त्या घराला तिनं मिशन म्हटलं. चित्रं काढायला लागली तीही याच काळात, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर.

इथं आपल्याला एक क्षण थांबावं लागतं. आपल्याकडे पांढरं कोण नेसतं? आर्यिका माताजी. आणि माझ्या लहानपणी विधवा. दोघींच्याही पांढऱ्या लुगड्याचा अर्थ एकच, संसार संपला. गर्ट्रूडच्या पांढऱ्याचा अर्थ नेमका उलटा. तिचं लग्न आता लागलं. चित्रांत ती नवरीसारखी उभी असते आणि शेजारचा येशू काळा सूट घालून, गळ्याशी बो बांधून, फोटो काढायला आल्यासारखा. सुरुवातीला मला हसू आलं. देवाला ती लाडानं 'डाडा' म्हणायची, ते वाचून तर जास्तच आलं, कारण आमच्याकडे दादा म्हटलं की राखी बांधायची. पण पानं उलटत गेले तसं हसू कमी झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिलेली बाई आपल्या देवाशेजारी खुर्ची मांडते, तेव्हा हसणाऱ्यांनी जरा आपली जागा तपासावी.

ती कशावर काढायची ते सांगायला हवं, कारण माझ्या मते तिची अर्धी कला तिथंच आहे. पुठ्ठे, खिडकीचे पडदे, हातपंखे, थर्माकोलचे ट्रे, प्लास्टिकची भांडी, गिटारची पेटी. पत्र्याच्या कर्ण्यासारखा कागदाचा भोंगा, ज्यातून ती ओरडून उपदेश करायची, तोही रंगवलेला. रंग मिळेल ते, नाहीतर खडू, पेन्सिल, बॉलपेन. घरात जे जे हाताला लागलं ते तिनं प्रवचनाला जुंपलं. ज्या बाईनं जुन्या साडीची गोधडी शिवली आहे तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चित्रांत आकृत्या साध्या असतात. चेहऱ्याला दोन ठिपके नि एक रेघ. लांबचं लहान, जवळचं मोठं असला हिशेब नाही. पण रंग लावताना तिचा हात घाबरत नाही. पिवळ्याशेजारी लाल, लालाशेजारी निळा, मधे आडपडदा नाही. आणि अक्षरं! बायबलातली वचनं, गाणी, स्वतःची बडबड, सगळं चित्रातच लिहिलेलं. आकृत्यांच्या मधे, कडेला, जागा उरेल तिथं. जागा संपत आली की अक्षरं बारीक होतात, एकमेकांवर चढतात. बोलताना धाप लागलेल्या माणसासारखं ते दिसतं. मला हे तिचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. आपल्या लेश्यावृक्षाच्या चित्रात कसं असतं, सहा माणसं, एक झाड, नि प्रत्येकाच्या डोक्यावर कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल अशी पाटी. तिथं अक्षर चित्राला समजावून सांगतं. गर्ट्रूडच्या कागदावर अक्षर चित्राशी जागेसाठी भांडतं, आणि बघणारीला दोघांचं ऐकून घ्यावं लागतं.

सगळीच चित्रं चांगली नाहीत हेही लिहायला पाहिजे. पुस्तक काढणारी माणसं प्रेमात असतात, ती हे लिहीत नाहीत. लॅरी बोरेन्स्टाइन या गॅलरीवाल्यानं तिला जवळ केलं, तिची चित्रं विकली, तिच्या गाण्याची तबकडी 1971 साली निघाली. त्यानं तिला आधार दिला यात शंका नाही, आणि पैसे तिनं मिशनलाच घातले. पण लहान लहान कागदांवरची काही चित्रं बघताना वाटतं की इथं हात सवयीनं चालला आहे. तीच वधू, तोच सूट, तीच दोन-चार देवदूतांची रांग. पुरणपोळी शंभर लाटल्यावर शेवटच्या दहात जे होतं ते. त्याउलट ज्यात ती आपल्या स्वयंपाकघरात बसली आहे आणि देवाची हाक येते आहे, ते चित्र बघावं. त्यात स्वर्गाचा थाट नाही. खोली आहे, बाई आहे, आणि काहीतरी घडतं आहे. मला ते तिच्या सगळ्या सोन्याच्या नगऱ्यांपेक्षा खरं वाटतं.

नगऱ्यांकडे आता आलेच. बायबलचा शेवटचा ग्रंथ 'प्रकटीकरण'. त्यात जगाच्या अखेरीस आकाशातून उतरणारं नवं यरुशलेम आहे, सोन्याचं, रत्नांच्या पायांचं, बारा वेशींचं. गर्ट्रूडनं हेच पुन्हा पुन्हा काढलं. बाकी चित्रकारांनी तिथं बुरूज नि महाल काढले असते. हिनं काय काढलं? चाळीसारखी मजल्यांची इमारत, ओळीनं खोल्या, आत सामानसुमान. स्वर्गात प्रत्येकीला स्वतःची खोली! आणि अवतीभवती गाणाऱ्या देवदूतांचे घोळके, काही काळे, काही गोरे, मिसळून उभे.

हे मिसळून उभं राहणं तिच्या शहरात काय किमतीचं होतं? 14 नोव्हेंबर 1960 रोजी तिच्याच लोअर नाइन्थ वॉर्डातल्या मॅक्डोनॉघ 19 या गोऱ्यांच्या शाळेत सहा वर्षांच्या तीन काळ्या मुली सरकारी पहाऱ्यात पोचवाव्या लागल्या. बाहेर बाया-माणसं ओरडत होती, आणि गोऱ्या आईबापांनी आपली मुलं शाळेतून काढून नेली. त्याच वस्तीत, त्याच वर्षांत, ही बाई पुठ्ठ्यावर काळे-गोरे देवदूत एका ओळीत बसवते आहे. तिच्यावर लिहिणारे तिला भोळी म्हणतात, निरागस म्हणतात. मला हा शब्द खटकतो. शिकलेल्या माणसानं हेच केलं असतं तर त्याला आपण धीट म्हटलं असतं. एक मात्र माझ्याही मनात राहतं: तिचा येशू जवळपास नेहमी गोराच आहे. देवदूतांचा रंग बदलायला तिचा हात धजला, देवाचा बदलायला नाही. ते चित्रांतलं दुखरं ठिकाण आहे, आणि पुस्तक मिटल्यावर मला ते फार वेळ बोचत राहतं.

नवं यरुशलेम बघताना मला समवसरण आठवणं साहजिक होतं. आपलंही देवांनी रचलेलंच, रत्नांचं, तटांवर तट, मधे चारी दिशांना तोंड असलेले भगवान, आणि भोवती बारा कोठे. तिथं बारा वेशी, इथं बारा कोठे. पण कोठ्यांत कोण कुठं बसायचं ते ठरलेलं आहे. आर्यिका नि श्राविकांचा कोठा तिसरा. वाघ-हरणांनाही कोठा आहे, म्हणून मी तक्रार करत नाही. फक्त एवढंच सांगते की गर्ट्रूड कोठ्यात बसली नाही. ती मधे जाऊन उभी राहिली.

आता खरं बोलायचं तर इथंच माझा जीव अडकतो. आपण दिगंबर घरातल्या बायका. स्त्रीपर्यायातून मोक्ष नाही हे आपल्याला पाठशाळेपासून माहीत आहे. श्वेतांबरांकडे मल्ली तीर्थंकर स्त्री आहेत, आपल्याकडे मल्लिनाथ. आपण व्रतं करायची, उपवास करायचे, पुढच्या भवात पुरुषाचा देह मिळवायचा आणि मग मार्ग मोकळा. मी या मुद्द्यावर पंडितांशी वाद घालायला बसलेले नाही, तेवढं माझं वाचन नाही. पण चित्र बघताना एक गोष्ट कळली ती लपवत नाही. त्या बाईला कुणी सांगितलं असतं की आधी पुरुष हो, मग विमानात बस, तर तिनं भोंगा उचलून त्याच्या कानात गाणं म्हटलं असतं. काळेपण नि बाईपण दोन्ही जसंच्या तसं घेऊन ती वर गेली. मुक्ती म्हणजे स्वतःला टाकून जाणं, असं तिला वाटलंच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. तिला निवडलं गेलं. कुणीतरी वरून म्हणालं की तू माझी. आपल्याकडे निवडणारा कुणी नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, हात धरून ओढत नाहीत, चालायचं आपण. मला हे आपलं जास्त पटतं, आजही. तिच्या चित्रांत आलोचना जवळजवळ नाही. माझं काय चुकलं, मी कुणाला दुखवलं, हे कुठं दिसत नाही. सगळं लग्नाच्या दिवसासारखं. प्रतिक्रमणात आपण एकेंद्रिय जीवांपासून माफी मागत वर येतो, त्याची सवय असलेल्या डोळ्यांना एवढा आनंद थोडा उथळ वाटतो. आणि तरीपण हात थांबतो, कारण ज्या बाईकडून जगानं कधी माफी मागितली नाही तिच्याकडे मी पश्चात्ताप कसा मागू?

माझी आत्ती चित्रं काढायची. ती एकविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. शिकलेली नव्हती. सिद्धचक्र विधान असलं की मंडल मांडायला तिला बोलवायचे. रंगवलेल्या तांदळांनी आठ वलयं, पहिल्यात आठ अर्घ्य, मग सोळा, मग बत्तीस, असं दुपटीनं एक हजार चोवीसपर्यंत, सगळी मिळून 2040. तिला हिशेब येत नव्हता, पण घर चुकायचं नाही. आठ दिवस पूजा व्हायची, नवव्या दिवशी मंडल उचललं जायचं. उरलेले रंग डब्यात. पुढे तिनं हार्डबोर्डवर ऑइलपेंटनं लेश्यावृक्ष काढला, मग समवसरण. घरातली माणसं म्हणायची, हिला वेळ जात नाही. वेळ जायला कुणी तीन महिने तट रंगवत बसत नाही.

एकदा बस्तीत एक पंडितजी चातुर्मासाला आले होते. आत्तीनं पदर डोक्यावरून घेऊन विचारलं, "हे काढून माझी कर्मं झडतील काय हो?" ते चांगले गृहस्थ होते. समजावून म्हणाले, "शुभोपयोग आहे, आत्ती. पुण्य लागेल. निर्जरा तपानं होते." आणि पुण्य म्हणजे सोन्याची बेडी, हे आमच्या घरात शेंबड्या पोराला माहीत होतं. आत्ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तट रंगवायला बसली. पंडितजींचं शास्त्र चुकलं नव्हतं. पण तिनं जे विचारलं होतं ते शास्त्र नव्हतं, असं मला आता वाटतं. ती विचारत होती, मी इतकी वर्षं जे केलं ते कुठं धरलं जातं का?

गर्ट्रूडनं हे कुणाला विचारलं नाही, यात तिचं नशीब म्हणा किंवा तिचं वेड म्हणा. चित्रं तिला कला म्हणून नकोच होती. डफ, गाणं, भोंगा, तशीच चित्रं, उपदेशाचं हत्यार. म्हणून नाव होऊ लागलं, न्यूयॉर्कपर्यंत चित्रं गेली, लोक विकत घ्यायला दारात येऊ लागले, तेव्हा 1974 च्या सुमारास तिनं सांगितलं की देवानं मला चित्रं थांबवायला सांगितली आहेत. आणि थांबवली. कविता लिहीत राहिली, उपदेश करत राहिली, ब्रश मात्र बाजूला.

तिच्यावर लिहिणाऱ्यांना ही गोष्ट चमत्कारिक वाटते. चित्रकार असा हात कसा आवरतो? आपल्याला वाटायचं कारण नाही. आत्तीनं आठवी प्रतिमा घेतली, आरंभत्यागाची, तेव्हा रंग, टर्पेंटाइन, ब्रश सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मी अकरावीत होते. विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "वाटतंय की. वाटतंय म्हणून तर सोडायचं." एवढं बोलून ती जपाला बसली. गर्ट्रूडच्या त्यागाबद्दल पानंच्या पानं वाचली, पण आत्तीच्या या वाक्याइतकं मला काही कळलं नाही. ज्यानं तारलं तेच सोडायचं, कारण त्यातही आता मधाचा थेंब पडू लागला आहे. मधुबिंदूच्या चित्रात हे नाही. तिथं विमान नि मध वेगवेगळे आहेत. कधीकधी ते एकाच डब्यात असतात, हे चित्र काढणाऱ्यालाच कळतं.

फरक एवढाच की गर्ट्रूडची चित्रं राहिली. 1980 साली ती गेली, तिच्या कबरीवर नाव नव्हतं, पण 1982 साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीतल्या काळ्या लोककलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, आणि आता ती संग्रहालयांत काचेमागे आहेत. तिथं ती थोडी गप्प वाटत असणार. हातपंखा काचेत ठेवला की वारा कसा घालायचा? आत्तीचं समवसरण बस्तीच्या जीर्णोद्धारात निघालं, तिथं संगमरवरावर कोरलेलं नवं बसवलं. कोरलेलं फार सुबक आहे. तिसऱ्या कोठ्यातल्या सगळ्या बायका एकसारख्या आहेत. आत्तीनं काढलेल्यांत एकीच्या मांडीवर पोर होतं आणि एक जांभई देत होती.

मागच्या दशलक्षणात मी हे पुस्तक आमच्या स्वाध्यायाच्या बायकांना दाखवलं. थोडी भीती होती, ख्रिस्ती चित्रं, त्यातून देवाशी लग्न वगैरे. कुणी नाक मुरडलं नाही. पंख्यावरचं चित्र सगळ्यांना आवडलं. एकीनं सूटवाल्या येशूला बघून नातवाच्या लग्नाची गोष्ट काढली. विमानापाशी आलो तेव्हा एक म्हातारी काकू चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता स्त्रीमुक्तीचा विषय निघणार. त्या म्हणाल्या,

"ही गेली बसून. मग तिचे रंगाचे डबे कुणाला दिले गं तिनं?"

आत्तीची पिशवी माझ्याकडे अजून आहे. त्यातला पिवळा घट्ट झालाय, बाकीचे हलवले तर हलतात.